ना. श्री. बेंद्रे : माळव्याने घडविलेली दृष्टी

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त साकेत नगर, भोपाळ येथे दिलेले व्याख्यान)



मराठीच्या अध्यापकाने ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून एखाद्या कवीविषयी किंवा नाटककाराविषयी बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज एका चित्रकाराविषयी बोलणार आहे, आणि ते जाणूनबुजून. बृहन्महाराष्ट्रातील आपली ग्रंथालये पाहा. संतवाङ्मय आहे, कादंबऱ्यांची कपाटे भरलेली आहेत, नटांची आणि गवयांची चरित्रे वाचून वाचून खिळखिळी झालेली आहेत. चित्रकारांवरील पुस्तके मात्र एका हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. बालगंधर्वांच्या शालूचा रंग सांगणारा मराठी वाचक मराठी चित्रकाराच्या एकाही चित्राचा रंग सांगू शकत नाही. त्यातही जो चित्रकार आपल्याच प्रदेशात, येथून काही तासांच्या अंतरावरील इंदुरात जन्मला आणि वाढला, त्याचे आपल्याला विस्मरण व्हावे, हे मला अधिक लागते.

नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचे नाव. मराठी माणसाला बेंद्रे म्हटले की प्रथम धारवाडचे द. रा. बेंद्रे आठवतात, घरात मराठी बोलून कन्नड कवितेचे शिखर झालेले. इतिहासाच्या अभ्यासकाला वा. सी. बेंद्रे आठवतात, शिवाजी महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणणारे. तिसरे बेंद्रे आपले, आणि आठवणीच्या क्रमातही तिसरेच.

त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० चा. त्या काळचे इंदूर हे होळकरांचे संस्थान. दरबारात मराठी, बाजारात माळवी आणि हिंदी, कचेरीत इंग्रजी, असे ते बहुभाषी नगर होते. महाराष्ट्रापासून दूर राहणाऱ्या मराठी कुटुंबाला घरात एक आणि ओसरीबाहेर दुसरी अशी दोन जगे सांभाळावी लागतात. आपणा सर्वांना हा अनुभव आहे. त्याचे वर्णन मी करीत बसत नाही. बेंद्र्यांच्या चित्रकलेचा विचार करताना मात्र तो ध्यानात ठेवावा लागेल.

१९२७ च्या सुमारास इंदुरात चित्रकलेची शाळा उभी राहिली. तिचे प्रमुख होते द. दा. देवलालीकर. मुंबईच्या सर जे. जे. स्कूलमध्ये तयार झालेल्या या शिक्षकाने एक साधी गोष्ट केली. त्याने मुलांना वर्गाबाहेर काढले. मुंबईच्या शिक्षणात त्या वेळी प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग समोर बसविलेल्या माणसाचे हुबेहूब चित्र, असा ठरलेला क्रम होता. त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही. मुंबईने त्यातून मोठमोठे व्यक्तिचित्रकार दिले. परंतु इंदूरची मुले घाटांवर, छत्र्यांजवळ, बाजाराच्या कडेला उन्हात बसली. सावली काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, समोरच्या भिंतीचा गेरूही उतरलेला असतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. माळव्याचे कोरडे, स्वच्छ ऊन हाच त्यांचा पाठ होता. युरोपातील दृक्प्रत्ययवाद्यांनी जे साध्य केले होते, त्याच्या जवळपास ही मुले पोहोचली. रंगांचे जाड, धीट फटकारे आणि उजळ रंगसंगती या गुणांवरून पुढे मुंबईच्या प्रदर्शनांत इंदूरची चित्रे चटकन ओळखू येऊ लागली.

देवलालीकरांच्या हाताखालून गेलेली नावे पाहिली तर त्या लहान शाळेचे मोल कळते. बेंद्रे, देवकृष्ण जटाशंकर जोशी, विष्णु चिंचाळकर आणि काही काळ मकबूल फिदा हुसेन. वाळलेली पाने, काड्या आणि टाकाऊ वस्तू यांतून आकृती शोधणाऱ्या चिंचाळकर गुरुजींना माळव्यातील दोन-तीन पिढ्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. हुसेन हे बेंद्र्यांहून लहान. दोघे मिळून निसर्गचित्रे काढण्यास जात, आणि मुलाला चित्रकार होऊ द्यावे म्हणून आपल्या वडिलांचे मन बेंद्र्यांनी वळविले, ही हकीकत हुसेन पुढे सांगत असत. एका मराठी तरुणाने एका मुसलमान गृहस्थाच्या घरी जाऊन त्यांच्या मुलाची रदबदली करावी, ही घटना मला त्या इंदूरचेच एक चित्र वाटते.

येथे थोडे विषयांतर करतो. ज्या वर्षांत ही मुले उन्हात बसून घाट रंगवीत होती, त्याच वर्षांत त्याच शहरात यशवंतराव होळकर (दुसरे) आपला माणिकबाग राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून अगदी आधुनिक पद्धतीने बांधवून घेत होते. ब्रान्कुशी या थोर शिल्पकाराची ‘अवकाशातील पक्षी’ या मालिकेतील तीन शिल्पे त्यांनी विकत घेतली होती आणि त्यांच्यासाठी एक ध्यानमंदिर उभारण्याचा बेत होता. ते मंदिर झाले नाही. युरोपातील सर्वांत नवी कला आणि माळव्यातील सर्वांत नवी कला एका गावात, कदाचित दोन-तीन मैलांच्या अंतरावर नांदत होती. आणि एकीचा दुसरीशी संबंध आल्याचे दिसत नाही. राजाने आधुनिकता विकत घेतली, देवलालीकरांच्या मुलांनी ती डोळ्यांनी कमावली. पुढे राजवाड्यातील वस्तू लिलावांतून जगभर गेल्या. शाळेची परंपरा मात्र गावात राहिली. इंदूरच्या ललित कला संस्थेतील कला वीथिकेला आज देवलालीकरांचे नाव आहे.

असो. बेंद्रे १९३३ साली आग्रा विद्यापीठाचे बी. ए. झाले आणि १९३४ साली त्यांनी मुंबईची चित्रकलेची शासकीय पदविका मिळविली. त्या काळी चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाने पदवीधरही व्हावे, ही गोष्ट विरळाच. पोटासाठी त्यांनी निरनिराळ्या वाटा चोखाळल्या. काश्मीरमध्ये प्रवासी विभागात चित्रकार आणि पत्रकार म्हणून ते काही वर्षे होते. पुढे मद्रासला चित्रपटांच्या कलादिग्दर्शनाचेही काम केले. काश्मीरने त्यांना डोंगर, पाणी आणि धुके दिले. १९४१ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक आणि १९४३ मध्ये मुंबईत पहिले एकल प्रदर्शन, येथवर त्यांचे नाव झाले होते. एखाद्याने येथेच स्थिरावून जन्मभर उत्तम निसर्गचित्रे विकली असती. घराण्याची गायकी पदरी पडली की गवई जसा तिच्यावर आयुष्य काढतो, तसे.

बेंद्रे थांबले नाहीत. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनात काही काळ जाऊन राहिले. तेथे नंदलाल बसू, रामकिंकर बैज आणि विनोदबिहारी मुखर्जी यांचा सहवास त्यांना लाभला. मुंबईकडच्या आणि बंगालकडच्या चित्रकारांत त्या काळी विस्तव जात नसे. मुंबईवाले बंगाली चित्रांना दुबळी आणि धुरकट म्हणत. बंगालवाले मुंबईच्या चित्रांना साहेबाची नक्कल ठरवीत. पस्तिशीला पोहोचलेला, सुवर्णपदक मिळविलेला चित्रकार पुन्हा शिकण्यासाठी दुसऱ्या गोटात जातो, याला धैर्य लागते. किंबहुना, तो कोणत्याच गोटाचा नव्हता म्हणून जाऊ शकला, असे मला वाटते. इंदूरच्या माणसाला राखण्यासारखा घराण्याचा अभिमानच नव्हता.

त्यानंतर अमेरिका. १९४७-४८ च्या त्या प्रवासात न्यूयॉर्कच्या विंडरमियर गॅलरीत त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन झाले, आणि युरोप पाहून ते परतले. आजवर छापील पानांवर पाहिलेली चित्रे त्यांनी मूळ आकारात, मूळ रंगांत पाहिली. हे मी मुद्दाम सांगतो. हल्ली मुलांना जगातील कोणतेही चित्र घरबसल्या दिसते. तेव्हा सेझान पाहायचा तर बोटीचे तिकीट काढावे लागे.

१९५० हे वर्ष त्यांच्या चरित्रातील मध्यबिंदू होय. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची विद्याशाखा सुरू झाली आणि चित्रकला विभागाची धुरा बेंद्र्यांकडे आली. होळकरांच्या गावातून निघालेला माणूस गायकवाडांच्या गावी स्थिरावला. मार्कंड भट्ट, शिल्पकार शंखो चौधुरी, थोड्याच काळाने आलेले के. जी. सुब्रमण्यन अशी सहकाऱ्यांची मांदियाळी होती. येथे चित्रकलेला विद्यापीठीय पदवीचा दर्जा मिळाला. विद्यार्थ्याने हात तयार करावाच, शिवाय कलेचा इतिहासही वाचावा, अशी ती नवी दिशा होती. १९५९ मध्ये बेंद्रे विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले. १९६६ मध्ये ती नोकरी सोडून मुंबईस गेले. मधल्या सोळा वर्षांत जे घडले त्याला भारतीय कलेच्या इतिहासात ‘बडोदे’ या एका शब्दाने ओळखतात.

ते कसे शिकवीत? विद्यार्थ्यांसमोर उभे राहून चित्र रंगवून दाखवीत. कोऱ्या पृष्ठभागावर पहिला फटकारा कोठे पडतो, दुसरा त्याला कसे उत्तर देतो, बिघडलेले कसे सावरतात, हे सारे उघड्यावर. शिक्षकाच्या दृष्टीने यात मोठा धोका आहे, हे तीस वर्षे खडू हातात धरलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो. मुले आपल्यासारखेच करू लागतात. बडोद्यात तसे झाले नाही. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी शांती दवे अमूर्ताकडे गेले. गुलाम रसूल संतोष काश्मीरहून येऊन पुढे तंत्रकलेच्या वाटेने गेले. ज्योती भट्ट मुद्राचित्रांत रमले आणि लोककलेची छायाचित्रे टिपीत गावोगाव हिंडले. हिंमत शाह शिल्पकार झाले. गुलाममोहम्मद शेख गुजरातीतील कवी आणि गोष्ट सांगणारे चित्रकार झाले. रतन परिमू यांनी कलेतिहासात नाव मिळविले. यांतील एकाचेही चित्र पाहून ‘हा बेंद्र्यांचा चेला’ असे ओळखता येत नाही. १९५६ मध्ये गुरू-शिष्यांनी मिळून ‘बरोडा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स’ ही संस्था काढली. गुरूने शिष्यांच्या रांगेत बसून आपली चित्रे मांडली.

या बडोद्याच्या वर्षांतच बेंद्र्यांची स्वतःची कला सर्वांत अधिक बदलली. ‘सूर्यफुले’ या चित्रात घनवादाचा पाठ दिसतो. फूल, पान, पार्श्वभूमी यांची कोनाकोनांची तुकडेजोड आहे, पण फुलाचे फूलपण हरवलेले नाही. १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळविणारे ‘काटा’ हे चित्र आणखी वेगळे. पायात रुतलेला काटा काढणे हा विषय जुना आहे. रोममध्ये काटा काढणाऱ्या मुलाचा प्राचीन कांस्यपुतळा आहे; आणि त्यासाठी रोमला कशाला, आपल्या खजुराहोच्या भिंतीवर पाय वळवून उभी असलेली सुरसुंदरी सर्वांनी पाहिलेली आहे. बेंद्र्यांनी हा विषय घेतला तो आपल्या लघुचित्रांच्या सपाट रंगक्षेत्रांतून आणि आधुनिक आकारांच्या काटकसरीतून. इंदूरचे ऊन, शांतिनिकेतनची रेषा आणि युरोपची रचना येथे एका जागी आली.

आता त्यांच्यावरील आक्षेपाकडे वळतो, कारण तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. टीकाकार म्हणतात, बेंद्रे फार शैलींतून गेले. दृक्प्रत्ययवाद, बंगालची रेषा, घनवाद, अमूर्ताचा काही काळ आणि अखेरीस बिंदुवाद. हात विलक्षण तयार, पण आवाज स्वतःचा कोणता? हुसेन म्हटले की घोडा डोळ्यांपुढे येतो, रझा म्हटले की बिंदू, गायतोंडे म्हटले की पाण्यासारखा शांत रंगाचा विस्तार. बेंद्रे म्हटले की काय येते?

या प्रश्नासाठी मला एका इटालियन चित्रकाराची आठवण होते. जॉर्जो मोरांदी १८९० साली बोलोन्या शहरात जन्मले आणि १९६४ साली तेथेच वारले. बहिणींच्या सोबतीने एका घरात राहिले, अविवाहित. तेथील कला अकादमीत १९३० ते १९५६ या काळात आम्लरेखन शिकविले. इटलीबाहेर पाऊल टाकले ते साठीनंतर, तेही थोडेसेच. या माणसाने जन्मभर काय रंगविले? प्रामुख्याने बाटल्या, बरण्या, फुलदाण्या. त्याच त्या बाटल्या पुन्हा पुन्हा मांडून, त्यांवर धूळ साचू देऊन, त्यांच्यामधील दोन बोटांच्या फटीचा विचार करीत तो राहिला. तरुणपणी तोही सेझान, घनवाद आणि इटलीतील ‘मेटाफिजिकल’ चित्रकला यांच्या प्रभावातून गेला होता. पण तिशीनंतर त्याने एकेक दार बंद केले. आज तो विसाव्या शतकातील श्रेष्ठ चित्रकारांत गणला जातो.

दोघेही शिक्षक, दोघेही गोंगाटापासून दूर, दोघांचीही निष्ठा नजरेवर. एकाने दारे बंद केली, दुसऱ्याने उघडली. मोरांदीची वाट अधिक उंचीवर जाते, हे मी मान्य करतो. बेंद्र्यांच्या सर्व चित्रांना सारखे मोल नाही. अमूर्ताच्या काळातील काही चित्रे मला शिक्षकाने फळ्यावर सोडवून दाखविलेल्या उदाहरणांसारखी वाटतात, बिनचूक आणि थंड. परंतु बोलोन्याच्या मागे सहाशे वर्षांची चित्रपरंपरा उभी होती. मोरांदीला जोत्तोपासूनचा वारसा गावातल्या गावात मिळाला. १९३० च्या इंदुरात तरुण चित्रकाराच्या मागे काय होते? एक शिक्षक, एक लहान शाळा आणि ऊन. अशा माणसाने दारे बंद करावीत म्हणजे अंधारातच बसावे! त्याला जग जोडून घेणे भाग होते, आणि ते त्याने केवळ स्वतःसाठी केले नाही. दवे, भट्ट, शेख यांना जे घर आयते मिळाले, त्याच्या विटा त्याने वाहिल्या होत्या. पर्यायाने असेही म्हणता येईल की जो गुण त्यांना थोर शिक्षक करतो, तोच त्यांच्या चित्रांची एक सही होऊ देत नाही. दुसऱ्याच्या रीतीत शिरून ती आतून समजून घेण्याची ही क्षमता आहे. उत्तम भाषांतरकाराला हे दुःख कळेल.

तरीही सर्व शैलींच्या खालून वाहणारा एक प्रवाह त्यांच्यात आहे. बेंद्र्यांना बाजारातला, शेतातला, पाणवठ्यावरचा माणूस आवडतो. शैली कोणतीही असो, चित्रात बहुधा कोणी तरी काही तरी काम करीत असते, ओझे वाहत असते, मूल सांभाळत असते. ही माणसे दीनवाणी नाहीत आणि नटवलेलीही नाहीत. देवलालीकरांनी मुलांना रस्त्यावर बसविले होते. बेंद्रे त्या रस्त्यावरून उठले नाहीत.

मानसन्मान त्यांना पुष्कळ मिळाले. पद्मश्री १९६९ मध्ये, ललित कला अकादमीची फेलोशिप १९७४ मध्ये, विश्वभारतीचा अबन-गगन पुरस्कार १९८४ मध्ये, आपल्या मध्यप्रदेश शासनाचा कालिदास सन्मान, १९९२ मध्ये पद्मभूषण. त्या यादीपेक्षा मला त्यांच्या अखेरच्या पर्वाविषयी बोलायचे आहे.

मुंबईत आल्यानंतर, आणि विशेषतः उतारवयात, ते बिंदूंनी चित्र रंगवू लागले. शुद्ध रंगांचे लहान लहान ठिपके एकमेकांशेजारी ठेवायचे. ते रंगपाटीवर कालवायचे नाहीत. दूर उभ्या असलेल्या पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ते एकमेकांत मिसळतात. ही रीत फ्रान्समध्ये स्यराने काढली. तो एकतिसाव्या वर्षी, १८९१ मध्ये वारला. स्यराच्या चित्रांत शास्त्रज्ञाची शिस्त आहे. बेंद्र्यांच्या ठिपक्यांत दुपार आहे. पाण्यावर आलेल्या बाया, गुरे, पाखरे, आई आणि मूल हे सारे उन्हात तरंगते. कडा विरघळतात, आकार टिकतात.

आपल्या प्रदेशाने आणखी एक बिंदू जगाला दिला आहे. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे १९२२ साली जन्मलेले सय्यद हैदर रझा यांना प्राथमिक शाळेत गुरुजींनी चंचल मन स्थिर करण्यासाठी भिंतीवर ठिपका काढून दिला होता. पॅरिसमध्ये अनेक वर्षे काढल्यावर तो ठिपका रझांच्या चित्रात महाबिंदू होऊन परतला. २०१६ मध्ये ते मंडल्याच्याच मातीत विसावले. रझांचा बिंदू एक, मोठा, काळा. सारे विश्व त्यात गोळा होते. बेंद्र्यांचे बिंदू असंख्य, बारीक, रंगीत. त्यांतून बाजार, झाड आणि बाई पुन्हा दिसू लागतात. एकाला आपण तत्त्वज्ञ म्हणून डोक्यावर घेतले. दुसऱ्याचे नाव घेतले की विचारतो, ‘कोण बेंद्रे? कवी का?’

हे ठिपके घालण्यात एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. बेंद्र्यांचा हात अतिशय वेगवान होता. विद्यार्थ्यांदेखत उभ्या उभ्या चित्र पुरे करणारा तो हात. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी त्याच हाताला अशा रीतीत गुंतविले की जिच्यात वेग चालतच नाही. एका बैठकीत हातभर जागा भरली तरी पुष्कळ. ज्या कौशल्याबद्दल टाळ्या मिळाल्या, तेच कौशल्य म्हाताऱ्या माणसाने बाजूला ठेवून पुन्हा उन्हाकडे पाहण्यास बसावे, याला मी त्यांच्या कलाजीवनातील सर्वांत अवघड बदल समजतो, घनवादाहूनही अवघड.

१९९२ च्या जानेवारीत देवासला कुमार गंधर्व गेले, आणि फेब्रुवारीत मुंबईत बेंद्रे. एक बेळगावकडून माळव्यात येऊन राहिलेला, दुसरा माळव्यातून बाहेर गेलेला. दोघांनीही घराण्याच्या कुंपणाला फार मान दिला नाही. कुमारांच्या ध्वनिफिती आपल्या घराघरांत आहेत. बेंद्र्यांची चित्रे दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत, आणि संग्रहकांच्या घरी आहेत. ती पाहण्यास जाल तेव्हा प्रथम अगदी जवळ जा, ठिपके नुसते ठिपके दिसतील इतके. मग दहा पावले मागे या. पाण्यावर आलेली बाई घागर उचलताना दिसेल, आणि तिच्या पाठीवरचे ऊन इंदूरचे आहे हे सांगण्यास कोणी लागणार नाही.